कार्य अजून उरकलं नाही

पाऊस पळवला कोणी, तर वागियेमनं. झालं! करांगसुवुंग गावानं निकाल लावला आणि हात झटकले. विहिरींचे तळ दिसत होते, पेरलेलं भात उगवून करपून गेलं होतं, आणि लावा नावाच्या डोंगराच्या पोटातून पिढ्यानपिढ्या वाहणारा झरा एका सकाळी घसा खाकरल्यासारखा आवाज करून जो बंद पडला तो पडलाच. पण खापर फोडायला एखादं डोकं सापडलं, की माणसाची निम्मी तहान तिथंच भागते. वागियेमचं डोकं तर आयतंच होतं, कारण पाऊस अडवणं हा तिचा धंदाच होता.

जावाच्या ह्या डोंगराळ मुलखात ऐन पावसाळ्यात मांडव घालायचा म्हटलं, की जसा आचारी सांगतात, गाणारी सांगतात, तशी पाऊसवालीही सांगतात. वागियेम आदल्या दिवशीच मांडवात हजर व्हायची. कोपऱ्यात खराटा उलटा रोवायची, वर आलेल्या काड्यांच्या टोकांना लाल मिरच्या आणि बारके कांदे खोचायची आणि शेजारी चटई टाकून बसायची. कार्य उरकेपर्यंत फक्त पांढरा भात आणि पाणी, आणि अंघोळ अजिबात नाही. कार्य उरकलं की यजमानानं तिच्यासमोर येऊन स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "उरकलं." मग ती खराटा उपटायची आणि अडवलेला पाऊस सोडून द्यायची. यजमानाच्या शब्दाशिवाय खराटा उपटायचा नाही, हा तिच्या आईनं घालून दिलेला नियम होता.

आणि एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. सुपारी घ्यायच्या आधी वागियेम तालुक्याच्या हवामान कचेरीत वेनिंगला फोन लावायची. वेनिंग तिच्या मावसबहिणीची लेक, तिला बुदे म्हणायची, म्हणजे मोठी मावशी. "पोरी, शनिवारचं काय म्हणतंय तुझं यंत्र?" यंत्र कोरडं म्हणालं तर वागियेम हो म्हणायची, ओलं म्हणालं तर तिचे गुडघे दुखायला लागायचे. ह्यात तिला लबाडी मुळीच वाटत नसे. उपास ती खरा करायची, आभाळाला हात खरे जोडायची. आता देणाऱ्याचा मूड आधी विचारून मग मागितलं, तर त्यात काय बिघडलं?

बिघडलं ते सिमेंटवाल्यांच्या कार्यात. कारखान्यानं डोंगराच्या अलीकडच्या अंगाला नवी खाण काढली आणि तिच्या उद्घाटनाला मोठा मांडव घातला. सावरीच्या झाडांना पालवी फुटली होती. पूर्वी ह्या पालवीवर पेरणी व्हायची आणि पालवी कधी खोटी बोलायची नाही. गावानं कोरड्या मातीत भात टाकलं होतं, एक चुकार सर येऊन ते उगवलंही होतं. उद्घाटनाच्या दिवशी आभाळ काळं झालं, सगळे वर बघायला लागले, आणि ढग आले तसे निघून गेले. गाणं झालं, जेवणं झाली, कारखान्याचे मोठे साहेब विडार्तो गाडीत बसून निघून गेले. "उरकलं" म्हणायला कोणी आलंच नाही. वागियेम अंधार पडेपर्यंत बसून राहिली. शेवटी मांडववाले बांबू सोडायला लागले तेव्हा तिनं आपणच खराटा उपटला. त्यानंतर आभाळ जे स्वच्छ झालं, ते दोन महिने तसंच राहिलं.

"बांधलंन आणि सोडलंच नाही," गाव म्हणालं.

मशिदीजवळच्या विहिरीला तेवढं हंडाभर पाणी झिरपत होतं. वागियेमनं रांगेत डबा ठेवला, की तो कोणीतरी मागं सरकवायचं. त्या दिवशी कासिरूननं पायानं सरकवला. हा तिचा भिंतीपलीकडचा शेजारी. तिच्याहून लहान, तिला यू म्हणणारा, म्हणजे थोरली बहीण. त्याच्या लग्नातला पाऊसही हिनंच अडवला होता. आता त्याचं सगळं भात करपलं होतं आणि त्याच्याइतकं मोठ्यानं ओरडणारं गावात दुसरं कोणी नव्हतं.

"यू, तुला कशाला पाणी? तुझ्याकडं दोन महिन्यांचं साठलंय की."

रांगेतल्या बायका खुदखुदल्या.

"साठलंय ना," वागियेम म्हणाली. "ओतू तुझ्या डोक्यावर? आतलं भुस्कट तरी भिजेल."

"हसण्यावारी नेऊ नकोस यू. माझ्या शेतात जाऊन बघ एकदा. पोरं कसावाचं पीठ उकडून खातायत. बांधलंयस ते सोड, नाहीतर गाव सोड. मी एकटा म्हणत नाहीये हे."

वागियेमनं रांगेकडं पाहिलं. कोणीही तिच्या नजरेला नजर दिली नाही. म्हणजे खरंच एकटा म्हणत नव्हता. तिनं डबा उचलला आणि घरी आली, आणि दार लावून घेऊन ढसाढसा रडली. मग तोंड पुसून तिनं फोन लावला.

दुसऱ्या दिवशी वेनिंग मोटारसायकलवरून आली. शाळेच्या अंगणातलं पाऊस मोजायचं नळकांडं बघायचं निमित्त होतं. नळकांड्यात एक मेलेली मुंगी निघाली.

"आता मला नीट सांग," वागियेम म्हणाली. "पाऊस गेला कुठं? आणि मला कळेल असं सांग. तुझ्या साहेबाला सांगतेस तसं नको."

"बुदे, आपल्या पूर्वेला मोठा समुद्र आहे ना, दर काही वर्षांनी त्याचं मधलं पाणी तापतं. मग ढग तिकडंच रेंगाळतात आणि आपल्याकडं कोरड पडते. हे खापरपणजीच्या काळीही व्हायचं. ते निसर्गाचं."

"मग एवढी बोंब कशाला?"

"कारण पूर्वी ते यायचं आणि जायचं. आता जगभरच्या भट्ट्यांचा, गाड्यांचा, जाळलेल्या जंगलांचा धूर वर साचलाय. ताप आलेल्या माणसावर आणखी एक पांघरूण टाकलं तर काय होईल? तसं झालंय. कोरड पडते ती जास्त पडते, पाऊस येतो तो भलत्याच वेळी येतो, आणि आला की झोडपून काढतो. सावरीच्या पालवीचं गणित म्हणूनच चुकलं. झाडाचा दोष नाही त्यात."

"आणि झरा? तोही समुद्रानं नेला?"

वेनिंगनं डोंगराकडं पाहिलं. पांढरी धूळ उडत होती.

"नाही बुदे. चुनखडीचा डोंगर आतून पोकळ असतो, पाणी धरून ठेवतो आणि वर्षभर हळूहळू सोडतो. तो सुरुंगानं फोडला तर पाणी धरणार कशात? कोरडी वर्षं आधीही आली होती. तेव्हा झरा आटला होता कधी?"

"कधीच नाही. आई सांगायची, तिच्या लहानपणी भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तीन गावं आमच्या झऱ्यावर जगली."

"मग झालं तर."

"म्हणजे समुद्र चोर, धूर चोर आणि सुरुंग चोर," वागियेम कडाडली, "आणि पकडली कोण, तर मी! अगं, मग जाऊन सांग की गावाला! उतरव माझ्यावरचं बालंट!"

"सांगते. पण ते विचारतील, मग उद्घाटनाच्या दिवशी ढग पांगले कसे? तुमच्या फोनचं सांगावं लागेल मला."

वागियेमनं मनाशी हिशोब केला. फोनचं सांगितलं की धंदा बुडाला. नुसता धंदा नाही, आईचं नावही बुडालं. म्हणतील, ही कसली पाऊसवाली, ही तर ठक. आणि नाही सांगितलं तर ती चेटकीण. ठक व्हायचं की चेटकीण, एवढाच काय तो तिच्या हातात उरलेला निवाडा. संताप संताप झाला तिचा.

आणि त्यात गावचा मुखिया पाक दारमाजी निरोप घेऊन आला. पाक म्हणजे बाबा आणि बू म्हणजे आई, मोठ्या माणसाला म्हणतात तसं. हा दारमाजी भला माणूस, फक्त समोर बसलेल्या प्रत्येकाचं त्याला पटायचं. काल त्याच्यासमोर सिमेंटवाले बसले होते.

"बू वागियेम, मार्ग निघालाय," तो म्हणाला. "कारखाना रोज पाण्याचे टँकर देणार. शुक्रवारी पंचायतीच्या ओट्यावर सभा आहे. तुम्ही फक्त सगळ्यांसमोर वाकून दोन शब्द बोलायचे, चूक झाली म्हणायचं. खराटा रोवायचा, उपटायचा. लोकांचं समाधान होईल, तुम्हाला कोणी बोट लावणार नाही."

"आणि सिमेंटवाल्यांना काय मिळणार?"

पाक दारमाजीनं लवंगेची सिगरेट पेटवली. "काही नाही हो. खाणीची हद्द जरा वाढवायची म्हणतात. झऱ्याच्या गुहेपर्यंत. आता झरा तर आटलाच आहे. गावानं हरकत घेतली नाही म्हणजे झालं."

तेव्हा वागियेमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झरा पाऊसवालीनं आटवला, असं एकदा गावासमोर ठरलं, की सुरुंगाचं नावच निघणार नाही. आणि गुहाच गेली तर उद्या धो धो पाऊस पडला तरी झरा कुठून फुटायचा? तिची माफी ही सगळ्या डोंगराची किंमत होती.

"येते," ती म्हणाली. "शुक्रवारी येते."

सभेला पोरंबाळं धरून अख्खं गाव लोटलं. पाक विडार्तो पुढच्या खुर्चीत, कडक इस्त्रीचा बाटिक सदरा घालून, चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू ठेवून बसले होते. वागियेम खराटा घेऊन आली. तिनं तो रोवला नाही, हातात धरून उभी राहिली.

"माफी मागायला आलेय," ती म्हणाली. "मागते. पण धंद्याचा नियम तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. खराटा कधी उपटायचा?"

"यजमान उरकलं म्हणाला की!" मागून एक म्हातारी ओरडली.

"माझा यजमान कोण होता?"

सगळ्यांच्या माना पाक विडार्तोंकडं वळल्या.

"ते काही न बोलता गाडीत बसून गेले," वागियेम म्हणाली. "तेव्हा पाक, उठा. पाऊस मी अडवायला लावला, असं म्हणा. मग उरकलं म्हणा. मी लगेच वाकते."

पाक विडार्तो मोठ्यानं हसले. "बू, अहो पाऊस काय माणसाच्या हातात असतो? निसर्गाचा खेळ आहे तो. समुद्र तापलाय, पेपरात रोज येतंय."

"हो का? मग माझी माफी कशाला हवीय तुम्हाला?"

ओट्यावर चुळबुळ झाली. पाक दारमाजीला खोकल्याची उबळ आली. पाक विडार्तो तसे मुरलेले होते. ते उठले, दोन्ही हात वर केले आणि लहान मुलाची समजूत काढावी तसे म्हणाले, "बरं बाई, पाऊस मी अडवायला लावला. आणि उरकलं! झालं समाधान?"

आता खरं तर वागियेमनं ठरवून आणलेलं इथंच संपत होतं. ते नाही म्हणतील, चिडतील, असं तिनं धरलं होतं. ते असं हसत हसत म्हणून टाकतील आणि आपल्याला वाकावं लागेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती वाकायला लागलीच होती. आणि त्याच क्षणी डोंगराकडून दुपारचा सुरुंग उडाला. ओट्यावरच्या छपराची कौलं खडखडली.

"उरकलं?" वागियेम ओरडली. "काय उरकलं? ऐकलंत का सगळ्यांनी? कार्य कसलं होतं हो? मांडवाचं? मला काय मांडवासाठी बसवलं होतं? खाणीसाठी बसवलं होतं! खाण चालू आहे, सुरुंग चालू आहेत, माझ्या चुलीवरचं झाकण रोज खाली पडतंय, आणि हे म्हणतात उरकलं! तुमची वरात अजून चालूच आहे पाक! कार्य अजून उरकलं नाही!"

"यू!" कासिरून उभा राहिला. "म्हणजे पाऊस तूच बांधलायस. कबूल केलंस तू!"

"कबूल!" दोन महिने नाही नाही म्हणणाऱ्या वागियेमच्या तोंडून निघून गेलं, आणि काय सांगू, तिला भलतंच बरं वाटलं. "बांधलाय! आणि बांधायला कोणी लावलाय तेही आता तुझ्या कानांनी ऐकलंस. ज्या दिवशी खाण थांबेल त्या दिवशी सोडेन. त्याआधी एक थेंब सोडायची नाही. काय करायचं ते करा!"

सकाळी तिनं खाणीच्या रस्त्यावर मधोमध खराटा रोवला, मिरच्या खोचल्या, कांदे खोचले आणि चटई टाकून बसली.

पहिला ट्रक आला. सुप्री नावाचा तरणा ड्रायव्हर खाली उतरला, खराटा बघून त्याचा चेहरा उतरला.

"बू, बाजूला घ्या ना हो. साहेब ओरडेल."

"तू घे. तुला कोणी अडवलंय?"

"मी नाही हात लावणार. माझी बायको पोटुशी आहे."

"मग घरी जा, तिचे पाय चेप."

सुप्रीनं ट्रक बंद केला आणि सावलीत जाऊन बसला. त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं तिसरा. ड्रायव्हर सगळे आसपासच्याच गावांतले. ह्यांच्यातल्या कोणाची छाती होती पाऊसवालीचा खराटा चाकाखाली घालायची? ज्या भीतीनं गावानं तिचा डबा विहिरीवरून मागं सरकवला होता, त्याच भीतीनं आता ट्रकांची रांग लागली. पोलीस बोलावतो अशी धमकी आली तेव्हा वागियेम म्हणाली, "बोलवा, बोलवा. ठाणेदाराच्या लेकीच्या लग्नात मीच बसले होते."

गाव आधी गंमत बघायला आलं. मग बायका चटया घेऊन आल्या, सोयाबीनचं तळलेलं टेम्पे आणि गूळ घातलेला चहा आला, गाणी झाली, सिमेंटवाल्यांच्या नकला झाल्या. कारखान्याच्या भट्टीला दगड पोचेना. धूर पातळ झाला. सुरुंगाशिवाय दुपार कशी असते ते गावाला नव्यानं कळलं. कासिरून मात्र लांब उभा राहायचा, हाताची घडी घालून.

"मी तुझ्या बाजूनं नाही आलेलो, यू. खाण थांबली की लगेच सोडतेस का नाही, ते बघायला आलोय."

"बघ की. उभ्यानं पाय दुखतील, एवढंच."

असे दिवस चालले होते, आणि वेनिंग आली. तिनं गाडी लांब लावली, वागियेमच्या कानाशी लागली.

"बुदे, परवा पाऊस आहे. पश्चिमेकडून वारा फिरलाय. दोन दिवस चांगला पडेल, पेरणीपुरता. मग बहुतेक परत खंड पडेल."

वागियेमला आनंदानं ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशी? खाण तर कायमची थांबली नव्हती, नुसत्या गाड्या अडल्या होत्या. तिनं सोडल्याशिवाय पाऊस आला, तर तिच्या शब्दाला काय राहिलं?

दुपारी पाक विडार्तो आले. एकटेच. तिच्या शेजारी चक्क उकिडवे बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले.

"बू, हवामान खात्याचं मीही बघतो. त्या पोरीची गाडीही पाहिली मी. तुम्ही हुशार बाई आहात, मला माहिती आहे. आज संध्याकाळी खराटा उपटा. परवा पाऊस येईल, गाव तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचेल. चार जिल्ह्यांतून बोलावणी येतील. आणि नाही उपटलात, तर परवा पाऊस तुम्हाला न विचारताच येईल. मग बघा हेच लोक काय करतात ते. तुमचं भलं सांगतोय."

पाऊस आला की लोक नाचतील, पेरतील, घरी जातील आणि रस्ता मोकळा होईल. गुहा जाईल. आणि वागियेमचं नाव मात्र असं होईल, की तसं आईचंही झालं नव्हतं. तिनं खराट्याकडं पाहिलं. आयुष्यभर ह्याच्या शेजारी बसली होती ती. खोटं कशाला बोलू, तिला मोह झाला. चांगलाच झाला. हात खराट्यापर्यंत गेलासुद्धा.

मग ती उठली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "इकडं या सगळे! ड्रायव्हर, तुम्ही पण या! कासिरून, तू पुढं ये!"

माणसं जमली. पाक विडार्तो बाजूला होऊन घाम पुसायला लागले. त्यांना वाटलं, जमलं.

"परवा पाऊस येणार आहे," वागियेम म्हणाली. एकच गलका झाला. तिनं हात वर केला. "थांबा! मी सोडला म्हणून नाही येणार. वारा फिरलाय म्हणून येणार आहे. हे मला वेनिंगनं सांगितलं. आजवर दर कार्याच्या आधी मी तिलाच विचारत आलेय. मी पाऊस बांधला नाही. कधीच बांधला नाही. मी मागायची. मिळायचं तेव्हा मिळायचं. त्या दिवशी ओट्यावर बोलले ते रागानं बोलले."

एवढं म्हणून तिनं खराटा उपटला. मिरच्या सांडल्या. तिनं तो रस्त्याकडेच्या खड्ड्यात फेकून दिला.

एक म्हातारी रडायला लागली. पहिला भानावर आला तो पाक विडार्तोंचा मुकादम. "ऐकलंत ना? सगळं थोतांड होतं! चला रे, गाड्या काढा!" ड्रायव्हरांनी एकमेकांकडं पाहिलं. आता घाबरायचं कारणच उरलं नव्हतं. इंजिनं सुरू झाली. सुप्रीचा ट्रक पुढं सरकला.

वागियेम खराटा होता त्याच जागी, चाकाच्या वाटेत, मांडी घालून बसली.

"खराट्याला घाबरत होतास ना?" ती सुप्रीला म्हणाली. "आता खराटा नाही, बांधणं नाही, सोडणं नाही. नुसती मी आहे. घाल गाडी."

ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला. इंजिन घरघरत राहिलं. गरम हवा तिच्या तोंडावर येत होती. तिला भयंकर भीती वाटत होती, आणि ती उठणार नव्हती.

कासिरून आला तो तरातरा. रागानं लाल झाला होता.

"माझ्या लग्नात," तो म्हणाला, "माझ्या लग्नात तू उपाशी बसलीस म्हणून माझी आई तुझ्या पाया पडली होती. आणि तू फोन करून आली होतीस?"

"फोन करून आले होते. उपाशी पण बसले होते. दोन्ही खरं."

"मग माझं भात कोणी मारलं? तू नाही, तर कोणी? सांग! इतके दिवस मी तुझ्या नावानं बोटं मोडली. आता कोणाच्या नावानं मोडू?"

"समुद्र तापला, त्यानं मारलं. त्याला मी काही करू शकत नाही," वागियेम म्हणाली. "जगभरचा धूर वर चढला, त्यानंही मारलं. त्या सगळ्या जगाला मी एकटी कुठं गाठू? पण झरा ज्यानं मारला, तो हा इथं माझ्यासमोर उभा आहे, रून. ह्याला मी हात लावू शकते."

आणि तिनं खरंच हात पुढं करून ट्रकच्या लोखंडाला लावला. चटका बसला तरी काढला नाही.

कासिरूननं ट्रककडं पाहिलं. काचेमागं सुप्री दोन्ही हातांत स्टिअरिंग धरून बसला होता. मग त्यानं डोंगराकडं पाहिलं, जिथं खाणीचा पांढरा खड्डा झऱ्याच्या गुहेच्या अगदी जवळ आला होता. मुकादम ओरडत होता. वागियेमला वाटलं, हा आता आपल्याला दंडाला धरून ओढणार, आणि तिनं पाय घट्ट आवळून घेतले.

कासिरून तिच्याजवळ आला, लुंगीसारखा नेसलेला सारोंग गुडघ्यावर घेतला आणि खाली बसायला लागला. जागा पुरेना.

"सरक की जरा," तो खेकसला. "रस्ता काय तुझ्या एकटीचा आहे?"